दुसऱ्या ट्रॉलीवरचं झाकण

साहेबांनी झाकण उलटं केलं, आतल्या कडेवर सकाळी स्वतःच पेन्सिलने केलेली बारीक फुली दाखवली आणि म्हणाले, "बाई, हे सकाळी तुम्हीच पास केलं होतंत." त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. साहेब नवीन होते, वयाने बाईंच्या मोठ्या मुलीएवढे, आल्या दिवसापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांशी अहो-जाहो करणारे. आणि अशी परीक्षा त्यांनी एकट्या बाईंचीच घेतली होती असंही नाही. भट्टीच्या तापमानाच्या काट्याशेजारी दुसरा काटा लावून झाला होता, पॅकिंगच्या पट्ट्या ओढून झाल्या होत्या. आज तपासणीच्या टेबलाची पाळी होती, इतकंच. बाईंनी झाकणाकडे बघितलं, फुलीकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडून निघालं, "पण लाट आहे हो त्यात." साहेब हसले. "असेल. किंवा नसेल. माणसाची नजर आहे, होतं असं. मनाला लावून घेऊ नका." एवढं बोलून झाकण टेबलावर ठेवून ते गेलेसुद्धा, आणि बाई हातात लाल चिकटपट्टीचा तुकडा घेऊन तशाच उभ्या राहिल्या. तो तुकडा त्यांनी त्या झाकणाला लावायला म्हणून तोडला होता. आता तो कुठे लावायचा ते त्यांना कळेना, तेव्हा त्यांनी तो टेबलाच्या कडेला चिकटवून टाकला.

कारखान्यात बार्बेक्यूच्या शेगड्या बनत. अंगणात नाहीतर गच्चीवर कोळसे पेटवून, वर जाळी टाकून, मांस-मासे-भाज्या भाजायच्या त्या तीन पायांच्या गोल शेगड्या, आणि त्यांच्यावर घमेल्याएवढं झाकण. पत्रा एकच. त्यावर चढणारा काळा काचेचा लेप एकच, जुन्या चहाच्या मगांवर असतो त्यातला. तो भाजून पक्का करणारी भट्टीही एकच. भट्टीतून निघालेली झाकणं बाईंच्या टेबलावर येत आणि तिथून पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या होत. बाईंनी पास केलेल्या झाकणाला लाकडी मूठ लागे, पुढे चकचकीत बिल्ला लागे, आणि बिल्ल्यावर असं नाव असे की ते वाचून माणसं पाकीट काढताना कुरकुर करत नसत. वर कित्येक वर्षांची हमी. बाईंनी लाल पट्टी लावलेलं झाकणही काही कुणी फेकून देत नसे. त्याला प्लॅस्टिकची मूठ बसवून, दुसरंच कुठलं तरी साधंसुधं नाव चिकटवून, ते महागड्या शेगडीच्या तिसऱ्या हिश्शाच्या किमतीत विकायला जाई. म्हणजे मूठ आणि बिल्ला बाजूला ठेवला तर दोन शेगड्यांच्या किमतीत जो काही फरक होता, तो बाईंच्या नजरेचा होता. हे त्यांना कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. पण त्यांना ते माहीत होतं, आणि खोटं कशाला बोला, त्याचा त्यांना थोडा माजही होता. दुसऱ्याला दिसेल असा नव्हे. डबा खाताना पाठ ताठ ठेवण्यापुरता.

बघायची रीत त्यांना एका म्हाताऱ्या तपासनिसाने शिकवली होती. झाकण दोन्ही हातांत धरून ट्यूबलाइटखाली तिरकं करायचं. काळ्या लेपात ट्यूबची पांढरी रेघ उमटते. मग झाकण सावकाश फिरवायचं. रेघ जागच्या जागी शांत राहिली तर काम स्वच्छ. कुठे थरथरली, वाकडी झाली, की समजायचं तिथे लेप जाड-पातळ बसलाय. त्याला कारखान्यात लाट म्हणत. त्यानंतर अंगठा फिरवून सुईच्या टोकाएवढी छिद्रं हुडकायची. लाटेने तसं कुणाचं काही बिघडत नाही. छिद्रातून मात्र ओल शिरते आणि काही वर्षांनी गंज धरतो. बाईंच्या हातून गेलेल्या मालाची तक्रार सहसा येत नसे. पण ही सवय कारखान्याच्या फाटकाशी थांबणारी नव्हती. कुणाकडे पाहुण्या म्हणून गेल्या की त्यांना आधी कपाटाच्या दारातली वाकडी रेघ दिसे, मग यजमानाचा चेहरा. नातेवाइकांत त्यांची थट्टा होई, की हिला घरी बोलवायचं तर आधी रंगारी बोलवावा लागतो. बाई हसत. आपल्याला दिसतं त्याला आपण काय करणार, असं त्यांचं म्हणणं असे, आणि ते त्यांना अगदी निरुत्तर करणारं वाटे.

साहेब गेल्यावर त्यांनी ते झाकण पुन्हा उचललं. उजव्या बाजूला, कडेपासून चार बोटं आत, रेघ थरथरली. लाट होती. मान जरा डावीकडे कलली आणि लाट नव्हती. त्यांनी डोळे मिटले, उघडले, पदराने झाकण पुसलं, पुन्हा फिरवलं. होती. नव्हती. झाकण चुकीचं पास केलं असतं तर त्याचं एवढं काही नव्हतं; चूक कुणाच्या हातून होत नाही. पण सकाळी त्यांना लाट दिसली नव्हती हे जितकं खरं, तितकंच दुपारी ती दिसली हेही खरं होतं. त्यांनी ती ओढूनताणून पाहिली नव्हती. ती समोर आली होती. मग सकाळची बाई खरी की दुपारची, असा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांना स्वतःचंच हसू आलं, कारण असले प्रश्न त्या टीव्हीवर बोलणाऱ्या माणसांसाठी सोडून देत. तरी तो प्रश्न जाईना. मागच्या बाजूला भट्टीचं दार उघडल्याचा खडखडाट झाला आणि ऊब त्यांच्या पाठीवर आली. पुढची ट्रॉली ढकलत भट्टीवाला आला. "काय हो, साहेबांनी तुम्हालाही गाठलं वाटतं," तो म्हणाला. "माझ्या काट्यात सुद्धा फरक निघाला म्हणे. आता इतकी वर्षं मी काय काट्याकडे बघून भाजत होतो होय?" "मग कशाकडे बघून?" बाईंनी विचारलं. "रंगाकडे," तो म्हणाला, आणि मग जरा थांबून, "म्हणजे, मला वाटतं रंगाकडे." त्याने ट्रॉली टेबलाला लावली. ट्रॉली पिवळी होती.

ती पिवळी ट्रॉली बघितली आणि बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पडायला नको होता असा. कारखान्यात ट्रॉल्या दोन रंगांच्या. हिरवीवरून येत ती भट्टीतून पहिल्यांदाच निघालेली झाकणं. पिवळीवरून येत ती टेबलावर यायच्या आधी भट्टीपाशीच खोट निघालेली, डागडुजी करून पुन्हा भाजलेली झाकणं. सकाळी ते झाकण हिरवीवरून आलं होतं. दुपारी साहेबांनी ते गुपचूप पिवळीवर ठेवलं. एवढंच काय ते त्यांनी केलं होतं. हिरवीवरचं झाकण हातात घेताना बाई ते पास होणार असं धरून चालत आणि खोट आड आली तर थांबत. पिवळीवरचं झाकण हातात घेताना खोट असणार हे त्यांनी आधीच धरलेलं असे आणि ती सापडेपर्यंत त्या फिरवत राहत. ती बहुधा सापडेच. इतकी वर्षं त्यांना वाटत आलं होतं की डागडुजी केलेला माल मुळातच हलका असतो. त्या अंदाजाची कधी परीक्षा घ्यावी असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं, कारण तो अंदाज रोज खरा ठरत होता.

त्यांनी पिवळीवरचं पहिलं झाकण उचललं आणि ते हिरवीवरून आलंय अशी कल्पना करायचा प्रयत्न केला. जमेना. मनाला असं सांगून का कळतं. रेघ फिरत राहिली आणि बाईंना एकदम धाकटी मुलगी आठवली. आठवली असंही म्हणता येणार नाही, कारण ती सकाळपासून मनात होतीच. आज संध्याकाळी तिला उत्तर द्यायचं होतं. धाकटीने विमा कंपनीतली बरी नोकरी सोडली होती आणि एका मैत्रिणीबरोबर, सायकल दुरुस्तीच्या बंद पडलेल्या दुकानामागच्या अंगणात, छोटंसं खाण्याचं ठिकाण काढायचं ठरवलं होतं. चार टेबलं, वर ताडपत्री, आणि सगळं कोळशावर भाजलेलं: मासे, कोंबडी, कणसं, भोपळी मिरच्या. महिन्याभरापूर्वी तिने विचारलं होतं, "आई, शेगडी कुठली घेऊ? महागडी की साधी? खरंच फरक असतो का गं? तू सांगशील ती घेते." बाईंपाशी या प्रश्नाचं तयार उत्तर होतं. अख्खं गणगोत त्यांना हाच प्रश्न विचारत आलं होतं आणि त्या म्हणत, "परवडत असेल तर महागडी घ्या, नाहीतर साधी घ्या. कोळशाला काही कळत नाही." लोक हसत, विषय संपे. पण धाकटीला त्या तसं म्हणाल्या नाहीत. बघून सांगते, म्हणाल्या. मग पुढच्या आठवड्यात, उद्या सांगते. खरं कारण असं होतं की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं आणि ते तोंडाने काढायला त्यांना जड जात होतं. हे दुकान बुडणार. बुडायचंच आहे तर कमी पैशांत बुडू दे. साधी घे.

आणि हे त्यांनी कशावरून ठरवलं होतं? अंगण त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. धाकटीच्या हातचे भाजलेले मासे त्यांनी खाल्ले होते आणि ते चांगले झाले होते, जिभेवर अजून होते. मोठीने फोनवर सांगितलं होतं, "आई, तिला समजाव, तिला व्यवहारातलं काही कळत नाही," पण मोठीचं तरी काय, तिने हे मत आईकडूनच उचललं होतं. बाई झाकण फिरवता फिरवता मागे मागे जात राहिल्या, एकेक पायरी उतरून तळघरात जावं तशा. धाकटी सहावीत नापास झाली होती. म्हणजे झाली होती खरी, पण त्या वर्षी तिला कावीळ झाली होती आणि अर्धं वर्ष ती अंथरुणावर होती. वर्गातल्या बाईंनी सुद्धा सांगितलं होतं, की यात मुलीचा काही दोष नाही, पुन्हा बसू दे, होईल पास. ती पुन्हा बसली, पास झाली. पुन्हा भाजून आलेलं झाकण. त्यानंतर मोठीने घरी आणलेल्या वहीवर बाई सही करत आणि धाकटीची वही उघडून बघत. मोठीने मैत्रीण आणली तर तिला खायला काय द्यायचं याचा विचार होई. धाकटीने आणली तर ती मैत्रीण कशी असेल याचा. मोठीला उशीर झाला तर वाहन मिळालं नसेल. धाकटीला उशीर झाला तर कुठे गेली असेल. बाईंनी दोघींत फरक केला असं कुणी म्हटलं असतं तर त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला असता. कपडे सारखे, ताटातलं सारखं, लाड सारखे. बघणं तेवढं सारखं नव्हतं. आणि बघितलं की सापडायचं. नोकरीत धाकटी तिथल्या साहेबाशी भांडली ते सापडलं, एक लग्न जमता जमता तिने मोडलं ते सापडलं. मोठीही भांडली असेल, तिचंही काही मोडलं असेल, पण त्या बाजूला ट्यूबलाइट कुणी धरली नव्हती. नवरा जिवंत होता तेव्हा एकदा म्हणाला होता, "अगं, किती खुसपटं काढशील पोरीची." त्यावर आपण काय म्हणालो होतो ते बाईंना स्वच्छ आठवलं. मला दिसतं त्याला मी काय करणार, असं म्हणालो होतो.

उरलेल्या दिवसात त्यांनी काम केलं, पण हात सावकाश चालले. एका झाकणाला त्यांनी लाल पट्टी लावली, काढली, पुन्हा लावली. हिरवीवरचं एक झाकण त्यांनी मुद्दाम पिवळीवरचं समजून बघितलं, आणि मघाशी जी नजर मनाला सांगून बदलत नव्हती ती या बाजूला मात्र चटकन वळली. झाकणात दोन लाटा निघाल्या. ती लाल पट्टीही त्यांनी टेबलाच्या कडेला चिकटवली. सुटी झाल्यावर हात धुताना आरशात स्वतःचा चेहरा दिसला तेव्हा त्यांनी मान खाली घातली. आपल्या चेहऱ्याकडे आपण आजपर्यंत कुठल्या रंगाच्या ट्रॉलीवरून बघत आलो, हा विचार त्यांना आज नको होता.

धाकटीच्या अंगणाकडे जायच्या रस्त्यावर त्या महागड्या नावाचं मोठं दुकान लागतं. बाई रोज बसमधून ते बघत, आत कधी गेल्या नव्हत्या. आज गेल्या. आत गार होतं, पाय रुतेल असं जाजम होतं, आणि त्यांची झाकणं ओळीने मांडलेली होती. त्यांची म्हणजे त्यांच्या हातून गेलेली. लाकडी मुठी, चकचकीत बिल्ले. एक मुलगी लगबगीने पुढे आली. "या ना मावशी, हात लावून बघा, लाजू नका." बाईंनी हात लावला. ज्या वस्तूला त्या आयुष्यभर हात लावत आल्या होत्या तिला त्यांनी पाहुणीसारखा हात लावला. "महाग आहे," त्या म्हणाल्या. "महाग आहेच," मुलगी म्हणाली, "पण मावशी, वस्तू बघा. यातलं एकेक झाकण माणसाने डोळ्यांनी तपासलेलं असतं. मशीन नाही, माणूस. त्यासाठी खास मुरलेली माणसं ठेवलेली असतात. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही." "कधीच नाही?" बाईंनी विचारलं. मुलीने आजूबाजूला बघितलं आणि आवाज उतरवला. "कंपनी सांगते तसं. मला विचाराल तर मावशी, मला दोन्हींत काही कळत नाही. पण महाग वस्तू लोक नीट पुसून ठेवतात. म्हणून टिकते." बाईंना ती मुलगी आवडली. त्यांनी सवयीने एक झाकण तिरकं धरलं आणि त्यांच्या लक्षात आलं की त्यात रेघच उमटत नाहीये. दुकानात ट्यूबलाइट नव्हती. वर गोल, मऊ, पिवळसर दिवे होते, आणि त्यांच्या उजेडात झाकण नुसतं काळं आणि देखणं दिसत होतं. म्हणजे लाट इथे कुणालाच दिसणार नव्हती. विकत घेणाऱ्याच्या अंगणातही नाही. अख्ख्या जगात लाट दिसायची एकच जागा होती, बाईंचं टेबल.

बाहेर पडताना त्यांनी ठरवून टाकलं. धाकटीला सांगायचं, महागडी घे. कमी पडले तर मी घालते म्हणायचं. रस्ता ओलांडताना त्यांना एवढं हलकं वाटलं की त्या एका दुकानासमोर उगाच थांबून केळी घेऊन मोकळ्या झाल्या. मग दोन-चार पावलांवर ते हलकेपण जरा ओसरलं. महागडी घे म्हणणं हे तरी काय, पोरीला एका ट्रॉलीवरून उचलून दुसऱ्या ट्रॉलीवर ठेवणंच की. उद्या पुन्हा साहेबासारखं कुणी येईल आणि झाकण उलटं करून फुली दाखवेल. पण दुसरं काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. आणि त्यांना पोरीसाठी काहीतरी करायचं होतं, आजच, ताबडतोब, इतक्या वर्षांचं सगळं एका उत्तरात घालून. धाकटीला आपण फार छळलं, असं त्यांना वाटत होतं, आणि ते वाटणं पायांत उतरून त्यांना भराभर चालवत होतं.

अंगणात धाकटी एकटीच होती. बाह्या वर करून भिंतीला चुना लावत होती. ताडपत्री बांधून झाली होती, टेबलं एकावर एक रचली होती, भिंतीवर मावळतीचा उजेड होता. आईला बघून ती दचकली, मग ब्रश बादलीत टाकून हात पुसत आली. "तू इथे कशी? मी येणार होते ना घरी." "आले," बाई म्हणाल्या. धापा टाकतच म्हणाल्या, "शेगडीचं सांगायला आले. महागडी घे. कमी पडतील ते मी घालते." धाकटीने आईच्या हातातली केळी घेतली, एका टेबलावर ठेवली, एक खुर्ची ओढून आणली. "बस आधी," ती म्हणाली. "आई, मी घेतली शेगडी. गेल्या आठवड्यातच."

बाई बसल्या. "कुठली?"

"साधी."

"मला न विचारता?"

"विचारलं होतं की. तू उद्या सांगते, परवा सांगते करत होतीस. आणि मला माहीत होतं तू काय सांगणार ते." धाकटीच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. रागाला काही उत्तर देता येतं. "साधी घे म्हणाली असतीस. ताईने विचारलं असतं तर महागडी घे म्हणाली असतीस. मला त्याचं काही वाटत नाही आता."

"मग विचारलंस कशाला?"

धाकटीने खांदे उडवले. "बोलायला. झाकणाचं काही विचारलं की तू माझ्याशी नीट बोलतेस." आणि हे आपण भलतंच बोलून बसलो असं वाटून की काय, ती घाईघाईने वळली. "दाखवू? अजून पेटवली नाही. मैत्रीण उद्या यायचीय, म्हटलं तेव्हाच पेटवू, पण आलीच आहेस तर आज पेटवू या."

तिने कोपऱ्यातलं गोणपाट ओढून बाजूला केलं. प्लॅस्टिकची मूठ, कुठलं तरी साधंसुधं नाव. त्या झाकणाला कधीतरी लाल पट्टी लागली होती, आणि ती बाईंच्याच हाताने लागली असणार. धाकटी शेगडीशी उभी राहिली, आणि बाई जवळ यायच्या आत, त्यांनी नुसती मान पुढे काढली तोच, तिने बोलायला सुरुवात केली. "दुकानातली सगळी झाकणं काढायला लावली मी. तो माणूस वैतागला. तू करतेस तसं तिरकं धरून बघितलं. तरी एक ठिपका राहिलाच. मला माहितीय, इथे एक ठिपका आहे. घरी आणल्यावर दिसला. आणि एक पाय जरा हलतो, पण खाली पाचर घातली की होईल."

हे बाईंनी हजारदा ऐकलं होतं आणि आज पहिल्यांदा ऐकलं. आई, आमटीत मीठ जरा जास्त झालंय हं, हे पहिला घास घ्यायच्या आत. आई, हे माझे मित्र, जरा जास्त बोलतात. आई, नोकरी चांगली आहे, पण पगार थोडा कमी आहे. या मुलीने कधी एक गोष्ट आईपुढे नुसती ठेवली नव्हती. आईला खोट सापडायच्या आत तिने स्वतःच ती शोधून, सांगून, पट्टी लावून टाकलेली असे, म्हणजे निदान सापडल्याचा तो क्षण तरी चुकावा. हे शहाणपण नव्हतं आणि नम्रपणाही नव्हता. ही भीती होती, आणि ती बाईंनी घातलेली होती. त्यांना फार वाईट वाटलं. इतकं की धाकटीला जवळ घ्यावं असं वाटलं, पण तशी सवय दोघींनाही राहिली नव्हती.

त्या उठल्या आणि झाकणावर वाकल्या. ठिपका होता. सुईच्या टोकाहून चांगला मोठा, मुठीच्या खाली दोन बोटांवर. याबद्दल काही शंकाच नव्हती. ट्रॉली हिरवी असो, पिवळी असो, ट्यूबलाइट असो की मावळतीचा उजेड, हा ठिपका होता आणि काही वर्षांनी तिथे गंज धरणार होता.

"कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"हा काय, इथे." धाकटीने त्यावर बोट ठेवलं.

"मला नाही दिसत."

"आई, अगं नीट बघ ना." धाकटी गोंधळली होती. असं कधी झालं नव्हतं. "हा बघ, माझ्या बोटाखाली."

"बघतेय," बाई म्हणाल्या. नखात चुना बसला होता, बोटाच्या पेरावर भाजल्याचा एक जुना डाग होता, तो कधी पडला ते बाईंना माहीत नव्हतं. "मला तुझं बोट दिसतंय."

धाकटी त्यांच्याकडे बघत राहिली.

"पेटव आता," बाई म्हणाल्या आणि खुर्ची शेगडीजवळ ओढून बसल्या. "भूक लागलीय मला."

धाकटीने बोट उचललं नाही. दुसऱ्या हाताने ती मागच्या टेबलावर काडेपेटी चाचपायला लागली.